वाऱ्याची वाट : चैत्रातले दुकान आणि काउंटरखालचा संगणक

चैत्र शुद्ध नवमी जवळ येऊ लागली, की वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. बंजारा समाजाची काशी म्हणून हे गाव ओळखले जाते. जगदंबा मातेचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांच्या दर्शनासाठी महाराष्ट्रातून, तसेच तेलंगण, कर्नाटक, आंध्र या राज्यांतूनही भाविक रामनवमीच्या यात्रेला येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या समाजाच्या तांड्यांनी एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखामुलुखांतला व्यापार चालता ठेवला, त्याची आठवण या संग्रहालयाने जतन केली आहे.

व्यापारी कुटुंबांसाठी हे दिवस आणखी एका कारणाने धावपळीचे असतात. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते. रामनवमी त्याच्या आगेमागेच येते आणि नवमीनंतर चौथ्या दिवशी महावीर जयंती. वर्षअखेरीचा ताळेबंद, मालाची मोजणी, यात्रेची विक्री, घरचा उत्सव, हे सारे एकाच पंधरवड्यात येते. त्यातच विदर्भाचे ऊन चाळीस अंशांची पायरी चढू लागते. वर्षभर मुकाट्याने काम करणारा दुकानातला संगणक नेमका याच दिवसांत रुसतो. हा योगायोग नव्हे. त्याचे कारण बहुधा संगणकाच्या आत नसते. तो जेथे ठेवला आहे त्या जागेत आणि त्याच्या अंगावर साचलेल्या धुळीत असते.

अशा यात्रेच्या वाटेवरील एखाद्या दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. काउंटरच्या खाली लाकडी कप्पा आहे. धुळीपासून रक्षण व्हावे म्हणून त्याला दार केले आहे आणि आत ती पेटी आहे, जिला दुकानात सगळेच ‘सीपीयू’ म्हणतात. पेटीवर बिलाच्या कागदाची रिळे, शेजारी यूपीएस, मागे तारांचा गुंता. सकाळी बिले झरझर निघतात. दुपारी दोनच्या सुमारास प्रत्येक बिलाला वेळ लागू लागतो आणि गिऱ्हाईक ताटकळते. चारच्या सुमारास पडदा अचानक काळा होतो. कोणी म्हणतो व्हायरस आला, कोणी म्हणतो हिशेबाची प्रणाली बिघडली, कोणी विजेला दोष देतो. शेवटी नवा संगणक येतो, त्याच कप्प्यात बसतो आणि पुढच्या चैत्रात तोही तसाच थांबतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली ही गत होते.

उष्णतेचा जमाखर्च

संगणक जितकी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. शंभर वॅट वीज खाणारी पेटी म्हणजे चोवीस तास जळणारा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्बच. तो बल्ब बंद कपाटात लावून ठेवण्याचे धाडस कोणी करणार नाही; संगणकाच्या बाबतीत मात्र ते बिनदिक्कत केले जाते.

व्यापाऱ्याला ही गोष्ट जमाखर्चाच्या भाषेत चटकन समजते. आतील भाग उष्णता निर्माण करतात, ती जमा. वाहती हवा उष्णता बाहेर नेते, तो खर्च. जमा जास्त आणि खर्च कमी झाला, की शिल्लक वाढत जाते. ही वाढती शिल्लक म्हणजेच पेटीतले तापमान. जमा आणि खर्च जेथे समान होतात, तेथे ते स्थिर होते. ती पातळी खाली आणायची असेल तर एक तर जमा कमी करावी, नाही तर खर्चाची वाट मोकळी करावी.

आकड्यांत पाहू. सोपा हिशेब म्हणून शंभर वॅट उष्णता धरली आणि पेटीतून दर मिनिटाला ४० घनफूट हवा वाहत असली, तर बाहेर पडणारी हवा खोलीतील हवेपेक्षा साधारण साडेचार अंशांनी गरम असते. हवा २० घनफुटांवर आली की हा फरक सुमारे नऊ अंशांचा होतो आणि १० घनफुटांवर अठरा अंशांच्या घरात जातो. दुकानात ४२ अंश तापमान असेल, तर पहिल्या स्थितीत पेटीतून निघणारी हवा ४६ ते ४७ अंशांची, तर शेवटच्या स्थितीत ६० अंशांची असेल. यंत्र तेच, काम तेच, ऋतू तोच. फरक फक्त वाऱ्याचा.

ही झाली हवेची गोष्ट. या हवेने ज्या भागांना थंड करायचे, ते तिच्याहून पुष्कळ तापलेले असतात. आजचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करून उष्णता आवरतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. दुपारी बिल उशिरा निघते ते बऱ्याचदा यामुळेच. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तर साधारण ६० अंशांची मर्यादा असते, आणि दुकानाची खतावणी त्याच तबकडीवर असते. पुरवठ्याच्या मंडलात कपॅसिटर नावाचे नळकांड्यासारखे छोटे भाग असतात. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकळ नियम आहे. यूपीएसमधील शिसे-आम्लाच्या बॅटरीलाही जवळपास हाच नियम लागू पडतो.

पंखा आला तो गरजेने

१९८० साली अमेरिकेत ‘ॲपल थ्री’ नावाचा व्यवसायोपयोगी संगणक बाजारात आला. आवाज नको म्हणून त्यात पंखाच बसवला नव्हता. उष्णता धातूच्या कवचातून आपोआप निघून जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात यंत्रे तापली, आतल्या चिप आपल्या खोबणीतून सैल होऊ लागल्या आणि त्या नामवंत कंपनीला मोठी नामुष्की पत्करावी लागली. पुढच्याच वर्षी आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरचा वीजपुरवठा अवघा साडेत्रेसष्ट वॅटचा होता आणि त्यातला एक पंखा साऱ्या पेटीला पुरत असे. आज साध्या कार्यालयीन संगणकाचा एकटा प्रोसेसरच अनेकदा ६५ वॅटचा असतो. म्हणजे जेवढी वीज त्या काळी अख्ख्या यंत्राला मिळे, तेवढी आता आगपेटीपेक्षा फार मोठ्या नसलेल्या एका भागात उष्णता होऊन उतरते. पंख्यांची संख्या वाढली ती यामुळे.

पंखा मात्र स्वतः थंडावा निर्माण करत नाही. तो हवा हलवतो, एवढेच. कितीही पंखे लावले तरी पेटीतले तापमान खोलीतील तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही.

वखार आणि कूलर

ही तत्त्वे आपल्या लोकांना नवी नाहीत. ती पेढीवर आणि वखारीत रोज पाळली जातात. जाणता व्यापारी सोयाबीनच्या किंवा तुरीच्या पोत्यांची थप्पी थेट जमिनीवर लावत नाही, खाली लाकडी पाट टाकतो. थप्पी भिंतीला चिकटवत नाही, मध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवतो. माल कोंडला की तापतो, हे त्याला वडिलांकडून कळलेले असते. जुन्या वाड्यांतही पुढचे आणि मागचे दार समोरासमोर असे आणि वर झरोका असे. खालून थंड हवा आत यावी, तापलेली हवा वरून निघून जावी, अशी ती योजना होती.

विदर्भातल्या घराघरांत असलेला कूलर तर याचे बोलके उदाहरण आहे. कूलर सुरू करून सगळ्या खिडक्या बंद केल्या, तर घटकाभरात खोली दमट होते आणि जीव घुसमटतो. समोरची खिडकी थोडी उघडली की वारा वाहू लागतो. कूलरची हवा आत यायला जितकी जागा लागते, तितकीच ती बाहेर जायलाही लागते. ज्याला हे उमगले, त्याला संगणकाच्या पेटीचे निम्मे शास्त्र कळले.

पेटीतही हीच रीत असते. समोरच्या जाळीतून, शक्यतो खालच्या बाजूने, खोलीतील हवा आत येते. ती हार्ड डिस्कवरून, मग प्रोसेसरच्या हीटसिंकवरून जाते आणि मागच्या किंवा वरच्या पंख्यातून बाहेर पडते. येण्याची वाट, जाण्याची वाट आणि मधला मार्ग मोकळा, या तीन गोष्टी साधल्या की काम झाले. यांपैकी एक जरी अडली, तरी उरलेल्या दोन व्यर्थ जातात.

वाट कोठे अडते

पहिला अडथळा जागेचा. बंद कप्प्यात ठेवलेली पेटी स्वतःचीच सोडलेली गरम हवा पुन्हा आत ओढते आणि प्रत्येक फेरीत ती हवा अधिक तापते. कप्प्याचे दार काढून टाकावे किंवा त्याच्या पुढच्या व मागच्या फळीला मोठी जाळी बसवून घ्यावी. पेटीच्या मागे निदान वीतभर मोकळी जागा असावी. सतरंजीवर किंवा थेट फरशीवर पेटी ठेवू नये. पुष्कळ नव्या पेट्यांत वीजपुरवठा तळाशी असतो आणि त्याचा पंखा खालून हवा घेतो. चार-सहा इंच उंचीचा लाकडी पाट पुरेसा होतो. केर काढताना उडणारी धूळही त्यामुळे कमी जाते. यूपीएस पेटीला खेटून ठेवू नये. दुपारचे ऊन जेथे येते, ती जागा तर टाळावीच.

दुसरा अडथळा धुळीचा. यात्रेच्या रस्त्यावरची माती, कापसाचे तंतू, धान्याचा भुसा, उदबत्तीची काजळी हे सारे पंख्याबरोबर आत येते आणि हीटसिंकच्या पातळ पत्र्यांमध्ये नमद्यासारखे बसते. पंखा फिरताना दिसतो, आवाजही वाढतो, पण हवा पलीकडे जात नाही. पंख्यावर ५० घनफुटांचा आकडा छापलेला असला, तरी तो मोकळ्या हवेतला असतो. जाळी, गाळणी आणि धूळ यांतून जाताना तो पुष्कळ खाली येतो.

तिसरा अडथळा आतील तारांचा. समोरच्या पंख्यापुढे तारांचा झुबका लोंबत असेल, तर वारा तेथेच अडतो. तारा बाजूला घेऊन बांधाव्यात. त्या कोणत्याही पंख्याच्या पात्याला लागणार नाहीत, हेही पाहावे.

चौथा दोष सहसा लक्षात येत नाही. पेटीच्या मागील उभ्या फटींवरच्या पत्र्याच्या पट्ट्या कार्ड बदलताना काढल्या जातात आणि परत लावल्या जात नाहीत. मग मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा शेजारच्याच फटीतून पुन्हा आत शिरते. पुढून ताजी हवा येण्याचे प्रमाण घटते. दहा रुपयांच्या पट्टीने हा दोष दूर होतो.

कागदाच्या पट्टीची परीक्षा

पाचवा दोष पंख्याच्या दिशेचा. दुरुस्तीच्या वेळी पंखा उलटा बसला, तर दोन पंखे एकमेकांच्या विरुद्ध झगडतात. त्याची परीक्षा घरातले शाळकरी मूलही करू शकेल. बिलाच्या पातळ कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापावी. संगणक सुरू असताना ती बाहेरूनच समोरच्या जाळीजवळ धरावी. ती जाळीकडे ओढली गेली पाहिजे. मागच्या पंख्याजवळ धरली तर ती बाहेर उडाली पाहिजे. पुढे पट्टी हललीच नाही, तर तेथे पंखा नाही, बंद आहे किंवा गाळणी चोंदली आहे, असे समजावे. पंख्याच्या ज्या बाजूला आधाराच्या आडव्या दांड्या असतात, सामान्यतः त्या बाजूने हवा बाहेर पडते. अनेक पंख्यांच्या कडेवर बाणही कोरलेला असतो.

पंखा वाढवायचाच असेल, तर पहिला समोरून हवा आत घेणारा असावा. १२० मिलिमीटरचा चांगला पंखा काही शे रुपयांत मिळतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो, म्हणून आवाज कमी करतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवली, तर पेटीच्या फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते. मग धुळीला गाळणीवाचून दुसरा मार्ग उरत नाही. गाळणी मात्र यात्रेच्या दिवसांत आठवड्याला एकदा झटकली पाहिजे. चौथा-पाचवा पंखा लावून विशेष लाभ होत नाही. पहिल्या दोघांची वाट मोकळी करण्यात खरा लाभ आहे.

साफसफाई, पण जयणेने

वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीच्या आवराआवरीत आणि एकदा फाल्गुनात, पेटी उघडून साफ करावी. प्रथम संगणक रीतसर बंद करावा, वायर भिंतीतून काढावी, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून आत उरलेला विद्युत्प्रवाह जाऊ द्यावा. पेटी अंगणात किंवा गच्चीवर न्यावी. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून मगच आतील भागाला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते.

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी सांगावी लागणार नाही. उबदार, अंधारी आणि निवांत जागा म्हणून या पेटीत पाल, झुरळ, मुंग्या, कोळी आसरा घेतात. पाल उघड्या जोडणीवर गेली, तर तिचा जीव जातो आणि मंडलही जळते. म्हणून झाकण एकदम ओढू नये. ते हळूच सरकवून पेटी थोडा वेळ उजेडात तशीच ठेवावी. आतला जीव आपल्या पायांनी निघून जातो. कीटकनाशकाचा फवारा आत मारू नये. त्याने हिंसा होतेच आणि ओलावा धातूलाही खातो. मागच्या मोकळ्या फटी बंद करणे आणि भोकांना बारीक जाळी लावणे, हा वाऱ्याच्या दृष्टीनेही चांगला आणि जीवदयेच्या दृष्टीनेही चांगला उपाय आहे.

त्यानंतर मऊ कुंचल्याने आणि हवेच्या ब्लोअरने धूळ काढावी. पंख्यावर हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवावे. ते बेभान फिरले तर बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकू नये, कारण फुंकरीत ओलावा असतो. ओले फडके वापरू नये. वीजपुरवठ्याची छोटी पेटी घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक दाब उरतो. तिच्या जाळीतून बाहेरूनच धूळ उडवावी. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळते. साफसफाई करूनही तापमान उतरले नाही, तर ती जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावी.

काही समजुती

पेटीचे झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावणे, हा उपाय पुष्कळ ठिकाणी दिसतो. अडचणीच्या दिवशी वेळ मारून नेण्यास तो ठीक आहे. पण कायमचा केला तर धूळ चहूबाजूंनी येते, मुलांची बोटे आत जातात आणि पुढून मागे जाणारा वाऱ्याचा आखलेला मार्गच मोडतो. कूलरचा झोत थेट पेटीवर सोडणेही चुकीचे. त्या हवेत ओलावा असतो, कधी पाण्याचे तुषारही येतात आणि ते सुकल्यावर क्षारांचा पांढरा थर मागे राहतो. कूलरने खोली थंड करावी, पेटीला वारा तिच्या पंख्याने द्यावा.

उपाय केल्यावर त्याचा पडताळाही घ्यावा. प्रोसेसरचे तापमान संगणक सुरू होतानाच्या बायोस पडद्यावर किंवा एखाद्या मोफत प्रणालीत दिसते. दुपारी दोन वाजता, नेहमीचे काम चालू असताना, खोलीचे आणि प्रोसेसरचे तापमान वहीत टिपावे. साफसफाईनंतर त्याच वेळी पुन्हा टिपावे. दोहोंमधला फरक घटला, तर श्रम सार्थकी लागले. केवळ यंत्राचे तापमान पाहून फसगत होते, कारण खोलीच दोन अंशांनी थंड असू शकते.

शेवटी प्रश्न वहीचा आहे

पूर्वी खतावणी लाल कापडात बांधून कपाटात ठेवली जाई. तिला वाळवी लागू नये, ओल येऊ नये, याची काळजी घरातले ज्येष्ठ घेत. आज तीच खतावणी काउंटरखालच्या पेटीत आहे. दर महिन्याची ११ आणि २० तारीख वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांसाठी सांभाळावी लागते. त्या कायद्याने हिशेबाची वह्या-कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे बंधनकारक केले आहे. डिस्क उन्हाने गेली, हे उत्तर तेथे चालत नाही आणि उधारी वसूल करताना गिऱ्हाइकापुढेही चालत नाही.

म्हणून वाऱ्याची वाट मोकळी केल्यावरही रोज दुकान वाढवताना हिशेबाची एक प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती दुकानात न ठेवता घरी न्यावी. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला असता दुपारी जड कामे टाळून ती सकाळी उरकावीत. पंखा खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, ही मर्यादा ध्यानात असू द्यावी.

रामनवमीला अजून काही आठवडे असतानाच, एखाद्या रविवारी, कप्प्याचे दार काढावे, पेटीखाली पाट सरकवावा आणि कागदाची पट्टी जाळीपाशी धरून पाहावी. तासाभराचे काम आहे. यात्रेच्या दिवशी दूरच्या तांड्यावरून आलेले कुटुंब काउंटरपुढे उभे असेल, तेव्हा त्याचे बिल अडू नये आणि वर्षभराचा हिशेब त्या उन्हातही शाबूत राहावा, यासाठी तेवढा तास फार नाही.